राजापूरच्या खासदाराविषयी

कुडाळ

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मंडळाच्या कार्यक्रमात मधू दंडवत्यांवर बोलायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्यातले काही जण म्हणे विचारतात, माणूस सज्जन होता, अभ्यासू होता, सगळं कबूल. पण वीस वर्षं खासदार राहून कोकणाला दिलं काय? या प्रश्नाला बगल देऊ नकोस. भाषण तिथूनच सुरू कर.

१९७१ च्या जानेवारीत राजापूरचे खासदार नाथ पै अचानक गेले आणि लगेच लोकसभेची निवडणूक आली. नाथ पैंच्या वाणीने भारलेल्या मतदारसंघात त्यांच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, हे तुला आज कळणार नाही. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात होते, समाजवादी चळवळीत मुरलेले होते, पण या मातीतले नव्हते. तरी राजापूरने त्यांना लागोपाठ पाच वेळा निवडून दिलं. १९७१ ला इंदिराबाईंची लाट होती, १९८४ ला तर महाराष्ट्रात काँग्रेसपुढे फारसं कोणी टिकलं नाही. दोन्ही वेळा हा माणूस निवडून आला. इथल्या लोकांना माणसाची पारख नव्हती, असं कोणी म्हणू नये.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच. तिथेच अटक झाली आणि तिथल्याच तुरुंगात ठेवलं. इकडे प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायको दोघंही कैदेत, मध्ये शेकडो मैलांचं अंतर आणि भेटीला फक्त पत्रं, तीही तुरुंगाच्या तपासणीतून गेलेली. त्या पत्रांतून पुस्तकांवर, गाण्यावर, देशाच्या भवितव्यावर दोघं बोलत राहिले.

आता मुख्य मुद्दा. १९७७ ला मोरारजींच्या मंत्रिमंडळात त्यांना रेल्वे मिळाली. तेव्हा आपल्या अख्ख्या मतदारसंघात रेल्वेचं एकही स्टेशन नव्हतं. मुंबई गाठायची तर रात्रभर एसटी. अशा ठिकाणचा खासदार रेल्वेमंत्री झाल्यावर आधी काय करील? दंडवत्यांनी आधी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात लक्ष घातलं.

तो डबा तू पाहिलेला नाहीस, म्हणून सांगतो. तीन मजली उघड्या लाकडी फळ्या. थंडीत गार, उन्हाळ्यात तापलेल्या. चादर जाड असली तरी कुशीवर झोपलं की खुबा आणि खांदा फळीला टेकायचा. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला जाग. शेजारच्या म्हातारीला तर पडूनही राहवायचं नाही. ती रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसून असायची. दंडवत्यांनी या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली, आधी मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांत, मग हळूहळू सगळीकडे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. त्याच वर्षी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, जिच्यात वर्गच नव्हते. १९७४ च्या संपात ज्या हजारो रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना परत कामावर घेतलं. मंत्रिपद जेमतेम सव्वादोन वर्षांचं. तेवढ्यात रेल्वेने दूर जाणाऱ्या गरिबाच्या पाठीला आराम मिळाला, आणि त्यांत राजापूरचे मतदार मूठभरच होते. मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. मंडळात हे ठासून सांग.

म्हणून कोकणाला ते विसरले का? नाही. पश्चिम किनाऱ्याच्या रेल्वेसाठी ते संसदेत सतत भांडत राहिले, विरोधात बसूनही. आपट्याहून रोह्यापर्यंत रूळ यायला १९८६ उजाडलं. पुढचा डोंगर फुटला तो १९९० ला. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे आणि अर्थखातं दंडवत्यांकडे होतं. नेहमीच्या रेल्वे अंदाजपत्रकातून एवढा पैसा निघणार नव्हता, म्हणून वेगळं महामंडळ काढलं. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भांडवल घातलं, बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. ७४१ किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे. महामंडळाचे प्रमुख श्रीधरन आणि त्यांच्या माणसांनी तो पुरा केला. अर्थमंत्र्याने तेव्हा हात आखडता घेतला असता, तर तुझी तुतारी एक्सप्रेस आणखी किती वर्षं लांबली असती, याचा विचार प्रश्न विचारणाऱ्या त्या मंडळींना करायला सांग.

अर्थमंत्री म्हणून त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. दहा हजारांपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या कर्जमाफीने सहकारी बँकांची वसुली ढासळली, आणि नियमाने हप्ते भरणारा शेतकरी हिरमुसला. भाषणात हेही बोल. नुसती आरती करू नकोस, त्यांनाही ती आवडली नसती.

१९९१ ला राजापूरने त्यांना पाडलं. रेल्वेचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मला ते फार लागलं, अजून लागतं. लाटेत दोनदा तरलेला खासदार नेमका रूळ पडत असताना आम्ही घालवला. १९९८ च्या २६ जानेवारीला सबंध मार्ग खुला झाला तेव्हा ते खासदार नव्हते. पण त्यावरून त्यांनी कोकणाला कधी बोल लावल्याचं मी ऐकलं नाही. २००५ ला ते गेले, आणि देह जे. जे. रुग्णालयाला दिला.

एक मात्र कर. प्रमिलाताईंना ‘त्यांच्या पत्नी’ म्हणून एका वाक्यात उरकू नकोस. १९८० ला त्या मुंबईतून स्वतः लोकसभेवर निवडून गेल्या, हुंड्याच्या कायद्यासाठी झगडल्या, महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांना निदान दहा मिनिटं दे. वेळ कमी पडला तर अर्थखात्याचा भाग काप.

ताईस नमस्कार. कळावे.

तुझा,
मामा