पायांखालचा पत्रा

मालमोटार जुनी झाली म्हणजे मालक प्रथम तिला नवा रंग देतो. हांकणाऱ्याच्या पायांखालीं काय उरलें आहे, हें सहसा कोणी वाकून पाहत नाहीं. सांगलीचा गूळ व हळद कराडवरून चिपळुणास नेणाऱ्या आमच्या जुन्या गाडीच्या केबिनींत काय अंथरावें, यावरून आम्हां भावांत चांगलाच वाद माजला. दादांचा ओढा गालिच्याकडे. गालिचा दिसावयास सुरेख खरा; पण कोयनानगरच्या पावसांत ओल्या वहाणांचें पाणी तो दिवसचे दिवस धरून ठेवतो, आणि त्या झांकलेल्या ओलीनेंच पत्रा कुजतो. २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी ज्यांच्या गाड्यांत शिरलें, त्यांना हें निराळें सांगावयास नको. काथ्याची चटई चिखल झाडते, परंतु पाणी खालीं सोडते.

आमचें मत जाड, खांचांच्या रबराकडे झुकलें. तें धुतां येतें, इंजिनाची धग कांहींशी अडवतें. तथापि ओल रबराखालींही शिरतेच. म्हणून आधीं गंज खरवडून पत्र्यास रंग द्यावा, व रबर डिंकानें न चिकटवतां कडेला खिट्ट्यांनीं धरावें. क्लच-ब्रेकपाशीं तें अचूक कापलेलें हवें. कुंभार्ली घाटाच्या उतारावर सुटलेली कड ब्रेकखालीं अडकली, तर गुळाचे शिल्लक रवे मोजावयास कोणी मागें राहणार नाहीं! हें ऐकतांच दादांनीं गालिच्याचा विषय सोडला आणि रबराचा भाव विचारला.