गाडी किती देते?

मागच्या वर्षी मी माझी जुनी गाडी विकायला काढली. २०१७ चं मॉडेल, छोटी पेट्रोल गाडी, शहापूर-मुरबाड ये-जा करून सव्वा लाख किलोमीटर झालेली. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि तारीख जवळ आली होती. मुरबाडच्या पुढच्या एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी गाडी पाहायला आले. त्यांनी इंजिन चालू करून ऐकलं, टायर पाहिले, आणि मग ठरलेला प्रश्न विचारला, "भाई, ॲव्हरेज किती देते?"

मी म्हणालो, "वीस-बावीस देते."

डॅशबोर्डच्या कप्प्यात, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, एक डायरी होती. त्या डायरीत सात वर्षांचा पेट्रोलचा हिशेब आहे. ती सांगते, सतरा.

हे बावीस कुठून आलं? गाडी घेताना शोरूममधल्या पोराने मला चोवीस सांगितलं होतं. माहितीपत्रकातही चोवीसच छापलेलं होतं. त्या चोविसातून दोन मी सभ्यपणा म्हणून कमी केले आणि गुरुजींना दिले. मला जे मिळालं होतं तेच मी पुढे सरकवलं.

डायरीची सवय अब्बांची. ते भाताचा व्यापार करायचे आणि स्कूटरच्या पेट्रोलचाही हिशेब लिहायचे. रीत साधी आहे. टाकी फुल करायची, पंपाचं नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, वर चार थेंब कोंबायचे नाहीत. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल करायचं. जितके किलोमीटर झाले त्याला या वेळी भरलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही; पाच-सहा टाक्यांची सरासरी काढायची. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. माझ्या गाडीत तो नेहमी एक-दीडने जास्त दाखवायचा.

माझ्या नोंदी अशा आहेत. थंडीत, एसी बंद, किन्हवली-सरळगावचा रस्ता धड असताना अठरा ते एकोणीस. पावसाळ्यात त्याच रस्त्यावर खड्डे चुकवत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पंधरा-सोळा. मे महिन्यात एसी लावून सोळा. कल्याणला जाताना शहाडच्या पुलाजवळ अडकलो की चौदा. नाशिक महामार्गावर ऐंशीच्या वेगाने, घाट लागण्याआधीपर्यंत, एकवीस. चोवीस एकदाही नाही. शेवटच्या दोन वर्षांत सरासरी आणखी एकाने खाली आली. गाडी म्हातारी झाली हे खरंच, पण पेट्रोलही बदललं. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता.

मग कंपनीचं चोवीस खोटं का? खोटं नाही. ते वेगळ्या जागी मोजलेलं असतं. आपल्याकडे ही तपासणी ज्या संस्था करतात त्यातली जुनी म्हणजे पुण्याची एआरएआय, १९६६ सालची. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे ती चालवतात. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडं कमी. आधी शहरी तुकडा चार वेळा, मग जरा वेगाचा तुकडा, सर्वांत जास्त वेग ताशी ९०. सगळं मिळून साडेदहा-अकरा किलोमीटर. सायलेन्सरमधून निघालेला वायू गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, समोर म्हैस नाही, मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं नाही.

ही मोजणी निरुपयोगी नाही. सगळ्या गाड्या एकाच काट्यावर तोलल्या तर कुठली कमी पिते ते कळतं, आणि तेवढ्यासाठी तो आकडा कामाचा आहे. युरोपातही अशीच सौम्य चाचणी होती. प्रत्यक्षात आणि कागदावर फार अंतर पडू लागलं तेव्हा २०१७ पासून तिथे नवी चाचणी आणली, अर्ध्या तासाची, तेवीस किलोमीटरची, ताशी १३१ पर्यंत वेगाची. पण कुठल्याही रोलरवर शहापूर-मुरबाड रस्ता बसवता येणार नाही. तुलनेसाठी काढलेला आकडा शोरूममध्ये 'देते' या शब्दाला जोडला जातो आणि तिथे त्याचं वचन होतं. त्या वचनावर माणूस हप्ता ठरवतो. मी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवायचो. चोविसाने साडेबासष्ट लिटर लागायला हवं, सतराने अठ्ठ्याऐंशी लागतं. पंचवीस लिटरहून जास्त फरक, म्हणजे आजच्या भावाने महिन्याला अडीच हजारांच्या वर. पगारदाराच्या घरात एवढ्या पैशात दूध आणि वीजबिल भागतं.

गुरुजी "दोन दिवसांत कळवतो" म्हणून गेले. त्या रात्री इशाची नमाज झाली आणि मला अब्बांचा हात आठवला. भात विकत घ्यायला गेले की ते ढिगाच्या वरचा दाणा बघायचे नाहीत. बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालायचे. मी लहानपणी विचारलं तेव्हा त्यांनी हदीस सांगितली होती. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, तो बोटांना ओल लागते. विचारल्यावर धान्यवाला म्हणतो, पाऊस लागला. त्यावर ते विचारतात की मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, असं बजावतात.

ही हदीस मी शंभर वेळा ऐकली असेल. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की पाऊस पडणं हा त्या धान्यवाल्याचा गुन्हा नव्हताच. सतरा देणं हाही माझा किंवा माझ्या गाडीचा गुन्हा नव्हता. बावीस वर ठेवून सतरा तळाशी दाबलं, ते मात्र माझं होतं. इतकी वर्षं मी शोरूममधल्या त्या पोराला नावं ठेवत होतो. त्याला निदान कागदावर छापलेलं चोवीस तरी होतं. माझ्याकडे तर खरा आकडा लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात.

माझ्या ओळखीच्या गाडीदलालाला हे बोललो तर तो हसला. "भाई, ॲव्हरेज खरं कोण सांगतं? समोरचाही धरूनच चालतो." हेच मला जास्त लागलं. धरून चालणारा चालतो. ज्याची पहिली गाडी आहे तो धरत नाही. गुरुजींची ही पहिलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी डायरी घेऊन मुरबाडला गेलो. शाळा सुटल्यावर गुरुजींच्या हातात ती दिली आणि म्हणालो, "सर, मी बावीस म्हणालो होतो. हे खरं आहे, सतरा."

त्यांनी पानं उलटली. मग खिशातलं पेन काढून डायरीच्याच मागच्या पानावर गणित मांडलं. महिन्याला बाराशे किलोमीटर. बाविसाने पंचावन्न लिटर, सतराने एकाहत्तर. सोळा लिटर जादा. खाली कर्जाचा हप्ता लिहिला, बेरीज केली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

"मग काल बावीस का म्हणालात?"

मला उत्तर देता आलं नाही. फी भरायची होती हे कारण होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

"नाही जमणार, भाई," ते म्हणाले. रागावले नव्हते. चहा पाजूनच त्यांनी मला पाठवलं.

गाडी तीन आठवड्यांनी विकली गेली, माझ्या अपेक्षेपेक्षा पंधरा हजार कमीने. फीसाठी एक ठेव मोडावी लागली. घेणारा शहापूरचाच, दूध घालणारा तरुण. त्याने 'किती देते' विचारण्याआधीच मी डायरी पुढे केली. त्याने ती गाडीसोबत मागून घेतली. मागच्या पानावर गुरुजींचं गणित तसंच आहे. ते मी फाडलं नाही.