डार्मश्टाटच्या बाजारातला पेरू

फ्रँकफुर्टच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाचं नाव ऐकून नवीन आलेला प्रत्येक जर्मन शिकणारा एकदा तरी हसतो. 'डार्म' म्हणजे आतडं आणि 'श्टाट' म्हणजे शहर. म्हणजे झालं की 'आतडेनगर'! नावाचं मूळ काही वेगळंच असणार, पण माणसाच्या पोटात काय जावं याचा विचार या गावानं पिढ्यान् पिढ्या केला आहे, हे मात्र खरं.

युस्टुस लिबिग हा थोर रसायनशास्त्रज्ञ १८०३ साली इथंच जन्मला. अन्नात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पिष्ट पदार्थ आणि क्षार असले की झालं, अशी त्या काळच्या रसायनशास्त्राची समजूत होती. जीवनसत्त्वं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. 'व्हिटॅमिन' हा शब्दच १९१२ सालचा. पुढे गावाच्या उत्तरेला फ्रांकफुर्टर श्ट्रासेवर पसरलेल्या मर्क कंपनीनं १९३४ साली 'सेबिऑन' नावानं क जीवनसत्त्व बाजारात आणलं. हीच मर्क १६६८ साली गावातल्या एका औषधाच्या दुकानापासून सुरू झाली. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली पॉलिबिऑन आणि एव्हिऑन ही तिचीच अपत्यं. २०१८ साली तो विभाग प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला.

तर अशा या गोळ्यांच्या माहेरी, एशियन दुकानात कधीमधी पेरू दिसतो. विमानानं आलेला, कागदात गुंडाळलेला, आणि किंमत अशी की वजनकाट्याकडे बघवत नाही. तरीही आपली मंडळी घेतात. का? एक तर वास. दुसरं म्हणजे, 'प्रतिकारशक्ती वाढते हो!' या दुसऱ्या कारणाचा जरा हिशेब मांडू या. इंजिनीअर माणूस, दुसरं काय करणार?

पेरू मूळचा अमेरिकेचा, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. नाव पेरू देशावरून नव्हे, तर पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपती, त्यावरून पडलं असं मानतात. पुढे त्यानं इतकं मराठीपण घेतलं की आज सगळीकडे लावली जाणारी 'सरदार' ऊर्फ लखनौ-४९ ही जात १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतच निवडली गेली. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. संत्र्यात पन्नासच्या आसपास. जर्मन पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ११० आणि बाईला ९५ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे अर्धा पेरू! वर तंतू आणि पोटॅशियम फुकट. गोळीतला आणि पेरूतला क जीवनसत्त्वाचा रेणू एकच, पण गोळीत चोथा नाही, आणि चोथा आतड्याला हवाच असतो.

आता सर्दी. आपल्या आया फोनवर अजून बजावतात, 'पेरू खाऊ नकोस, सर्दी होईल.' इथले लोक म्हणतात, क जीवनसत्त्व घ्या, सर्दी जाईल. दोन्हीकडे थोडी गल्लत आहे. सर्दी होते विषाणूंमुळे. आपल्याकडे पेरूचा आणि सर्दीचा मोसम एकच, म्हणून बिचाऱ्या पेरूवर आळ आला. उलट बाजूही तपासलेली आहे. अकरा हजारांहून अधिक माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१३ साली काढलेला निष्कर्ष असा की रोज क जीवनसत्त्व घेऊनही सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. झालीच तर मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर बरी होते. सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला! आणि शिंका सुरू झाल्यावर गोळी घेऊन खात्रीचा फायदा दिसला नाही. शरीर जादा क जीवनसत्त्व साठवत नाही, लघवीवाटे काढून टाकतं. म्हणून एक दिवस चार पेरू खाण्यापेक्षा रोज थोडं बरं.

मग पेरूचा खरा उपयोग कुठे? माझ्या मते आपल्या शाकाहारी घरांत, आणि तिथेही विशेष करून मुलींसाठी. आमच्या मुलीच्या रक्ततपासणीत लोह कमी निघालं, तेव्हा मी हा विषय नीट वाचला. डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते लोह विरघळलेलं राहतं आणि जास्त शोषलं जातं. चहा नेमकं उलट करतो. पोह्यांवर वरून लिंबू पिळणारी आपली आजी हे न शिकता करत होती. आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व नष्ट होतं. अर्थात लोह खूपच कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायच्याच. पेरू सोबतीला. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियमसाठी आधी विचारावं.

आणखी एक गोष्ट पेरू देऊ शकत नाही, ती म्हणजे ड जीवनसत्त्व. पुणे साडेअठरा अंशांवर, डार्मश्टाट जवळजवळ पन्नासवर. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात आपल्या सावळ्या कातडीला ते पुरेसं बनवता येत नाही. तेव्हा हिवाळ्यात 'रोज फळं खातो की' म्हणून निर्धास्त राहू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि पेरू परवडला नाही, मिळाला नाही, तर? मार्क्टप्लाट्झवरच्या आठवडी बाजारात जा. लाल ढोबळी मिरचीत शंभर ग्रॅमला १२० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. उन्हाळ्यात मिळणारी काळी योहानिसबेरे तर पेरूच्या जवळ जाते. वरणभाताबरोबर कच्च्या लाल मिरचीची कोशिंबीर, वर फोडणी. मुलं आवडीनं खातात, आणि डाळीतलं लोह वाया जात नाही.

पेरू मात्र वर्षातून एकदा तरी आणाच. तिखटमीठ लावून, चार जणांत वाटून खा. त्या वासाचे मिलिग्रॅम मात्र अजून कुणी मोजलेले नाहीत!