कर्ट फ्लड अजून दाराबाहेरच

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. सुट्टीत म्हापशाला आला की आमची एका विषयावरून हमखास जुंपते. बेसबॉल! क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण वाद नुसता खेळाचा नाही, न्यायाचा आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ आहे. निवृत्त खेळाडूंवर क्रीडापत्रकार मतदान करतात, 75 टक्के मते मिळाली की आत प्रवेश. जे सुटतात त्यांचा विचार पुढे एक समिती करते.

भाच्याचा उमेदवार डिक अ‍ॅलन. 351 होमरन मारणारा. हा 2014 साली समितीत एका मताने हुकला, 2020 साली वारला, 2021 साली पुन्हा एका मताने हुकला आणि 2024 साली निवडून आला! भाचा खूश. मी म्हटले, “अरे, पण माणूस कुठे आहे?”

माझा उमेदवार कर्ट फ्लड. गंमत म्हणजे, 1969 साली ज्या अदलाबदलीत सेंट लुईने अ‍ॅलनला घेतले, त्यातच फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा वर्षे त्या संघासाठी खेळलेल्या माणसाला कोणी विचारलेही नाही. तेव्हाच्या नियमाने खेळाडू क्लबच्या मालकीचाच असे. फ्लडने नकार दिला. आपण काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्या कृष्णवर्णीय खेळाडूने बेसबॉलच्या आयुक्तांना लेखी कळवले आणि कोर्टात गेला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. 1975 च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने तो नियम मोडला, पण फायदा झाला पुढच्यांचा. फ्लड 1997 साली वारला. अजून दाराबाहेरच आहे.

“मामा, आकडे बघ,” भाचा म्हणतो. “2000 हिट्सही नाहीत.”

खरे आहे, 1861. पण क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह सलग सात वर्षे त्याचेच होते. आणि ते आकडे थांबले का? खटल्यापायी 1970 चा पूर्ण हंगाम गेला, 1971 साली जेमतेम 13 सामने खेळून त्याने खेळ सोडला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. ज्या लढ्याने त्याची कारकीर्द खाल्ली, तो लढा हिशेबात धरायचा नाही, हा कुठला न्याय? खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्विन मिलर या खटल्यात त्याच्या पाठीशी होता. तो 2019 साली निवडला गेला, तोही मरणानंतर. मग फ्लड का नको?

माझे मन आधीच कलते आहे, हे कबूल करतो. प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही पद्माकर शिवलकरांना एक कसोटी मिळाली नाही. 2017 साली बोर्डाने सी. के. नायडू पुरस्कार दिला तेव्हा निदान ते हयात होते. स्वतःच्या हाताने तो घ्यायला मिळाला, ही काय लहान गोष्ट झाली?

“आता फ्लडला काय फरक पडणार?” भाच्याने यंदा विचारले.

त्याला नाही पडणार. पण आज कोट्यवधी डॉलर कमावणारा पोरगा त्या दालनातून फिरेल, तेव्हा आपल्यासाठी कोणी किंमत मोजली हे त्याला दिसायला नको?

भाचा काही बोलला नाही. असो. पुढच्या सुट्टीत पुन्हा जुंपेलच.