सासष्टीत चार तारा घेऊन

कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला गोवा प्रथम पाण्याच्या रूपाने भेटतो. मांडवीवरील पूल मागे पडतो न पडतो तोच करमळीचे विस्तीर्ण तळे डोळ्यांत भरते, आणि थोड्याच वेळात झुआरीचे रुंद पात्र गाडीखालून सरकू लागते. डब्यातील सारी मंडळी अशा वेळी खिडकीशी गर्दी करतात. २०२३ च्या मे महिन्यातील त्या सकाळी माझे लक्ष मात्र बाकाखाली ठेवलेल्या, जवळजवळ चार फूट लांबीच्या एका काळ्या पेटीकडे होते. “आत बंदूक तर नाही ना?” असे एका सहप्रवाशाने आदल्या रात्रीच हसत हसत विचारून घेतले होते. पेटीत माझी बेस गिटार होती, आणि ती मी सासष्टीतील एका मित्राच्या नातवाला कायमची देऊन टाकण्यासाठी नेत होतो.

आपले आवडते वाद्य देऊन टाकण्याची वेळ माझ्यावर का आली, हे आधी सांगितले पाहिजे.

माझे सारे आयुष्य वडोदऱ्यात, रेल्वेच्या हिशेबखात्यात गेले. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, ते हे शहर. आमच्या घरीही वडिलांचे भजन असे आणि त्यांच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे होते. पुढे नोकरी आणि संसार यांत तंबोरा खुंटीवर राहिला. निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी मी जेव्हा बेस गिटार घरी आणली, तेव्हा आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. “अहो, वाजवायचेच होते तर पेटी तरी घ्यायची!” हा त्यांचा शेरा शेजाऱ्यांनाही पटला.

परंतु माझ्या निवडीला कारण होते. सहा तारांची गिटार सर्वांच्या परिचयाची आहे. बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात. पण त्या जाड, आणि गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या. प्रत्येक तार आपल्या खालच्या तारेच्या मध्यमात मिळवलेली असते. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ भरतात. आपल्याकडे पुरुष गायक ज्या काळी एकच्या षड्जात गातात, त्याहून हा स्वर पावणेदोन सप्तके खाली आहे. पूर्वी हे काम माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे डबल बास हे वाद्य करीत असे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर वाजणारी, खांद्याला अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा ते अवजड धूड एका पेटीत मावू लागले. तिच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते आणि त्यामुळे स्वर नेमका लागे. म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवण्यात आले.

वय वाढले की कान प्रथम उंच, बारीक स्वर गमावू लागतात. खालचे स्वर बहुधा अधिक काळ सोबत करतात. माझे तसेच झाले होते. सतारीच्या तरफा मला पूर्वीसारख्या ऐकू येईनात, पण खर्ज मात्र छातीत घुमे. तंबोऱ्यामागे बसणाऱ्या मुलाला उतारवयात हा खर्ज पुन्हा सापडला, असे मला वाटले.

तीन वर्षे मी नेटाने सराव केला. आमच्या वसाहतीतील चार तरुणांच्या वाद्यवृंदात मला जागाही मिळाली. पण डाव्या हाताची अनामिका सकाळी आखडू लागली होती, आणि ती आखडलेली नाही हे दाखविण्यासाठी मी जितके वाजवायचे त्याच्या दुप्पट वाजवीत असे. गाणारा श्वास घेण्यासाठी थांबला की ती रिकामी जागा मी स्वरांनी भरून टाकी. अखेर एके दिवशी त्या मुलांनी अत्यंत आदराने मला सांगितले, “काका, आता तुम्ही समोर बसून ऐका.” त्यांच्या आवाजात उपहासाचा लवलेशही नव्हता, आणि त्यामुळेच ते वाक्य फार लागले. त्याच रात्री मी गोव्याच्या मित्राला पत्र लिहिले.

हा मित्र नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर होता. निवृत्तीनंतर तो सासष्टीतील आपल्या वडिलोपार्जित घरी परतला. सासष्टी हा दक्षिण गोव्यातील समुद्रालगतचा तालुका. मडगाव हे त्याचे मुख्य शहर. भोवती भातशेती, माडांची बने आणि पांढऱ्याशुभ्र चर्चभोवती वसलेली गावे. पहाटे सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकत येथील घरे जागी होतात. मे महिन्यात शेते कोरडी असतात, अंगणात सोलांसाठी कोकमे वाळत असतात आणि घरात शिरताच मानकुराद आंब्यांचा वास स्वागताला येतो.

या मुलखाने भारताला किती वादक दिले याची मोजदाद अवघड आहे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन वाचण्यास शिकवीत. त्या शिदोरीवर गोव्याची माणसे लष्करी बँडमध्ये, संस्थानिकांच्या दरबारी, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोचली. मित्राच्या घरापासून माजोर्डा दूर नाही. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संगीतरचनाकार त्या गावचे. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे कार्यक्रम उभे केले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव अजरामर केले. आजही येथील लग्नात, तियात्राच्या रंगमंचावर आणि चर्चच्या फेस्ताला वादक लागतात, आणि त्या मेळ्यात मागे उभा राहून बेस वाजविणारा एक तरी असतोच.

मित्राचे थोरले चुलतबंधू हे असेच मागे उभे राहिलेले वादक. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी गावच्या लदिनीत डबल बास वाजविला होता. लदीन म्हणजे मेरीमातेच्या नामावलीची सामुदायिक प्रार्थना. उन्हाळ्याच्या दिवसांत ती घरोघरी आणि वाटेवरील खुरसांपुढे गायिली जाते. गायक वेगवेगळ्या पट्ट्यांत सूर मिसळतात आणि साथीला व्हायोलिन असते. बंधूंचा खांदा त्या वर्षी दुखावला होता. कोपऱ्यात कापड पांघरून उभे असलेले ते भले मोठे वाद्य उचलून बांधावरून नेणे त्यांना शक्य नव्हते, आणि चौथ्या दिवशी गावाच्या वेशीवरील खुरसापुढे लदीन ठरलेली होती.

माझी पेटी उघडताच मित्राच्या नातवाआधी त्यांनीच पुढे होऊन गिटार हाती घेतली. खालची तार छेडून, कान लाकडाला लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग कोंकणीत म्हणाले, “लदिनीक तुमी वाजयात.” मी वाद्य देण्यास आलो आहे, वाजविण्यास नव्हे, असे सांगून पाहिले. त्यांनी ते ऐकलेच नाही.

पुढचे तीन दिवस त्यांच्या ओटीवर माझी शिकवणी चालली. चाली सोप्या होत्या. षड्ज, मध्यम आणि पंचम या तीन मुक्कामांवरच त्यांची स्वरसंगती फिरे. मला वाटले, हे तर अर्ध्या तासाचे काम! पहिल्या दिवशी मी माझे सारे कौशल्य पणाला लावून वाजविले. बंधू काही बोलले नाहीत. उठून त्यांनी भिंतीवरचे घुमट खाली काढले.

घुमट हे गोव्याचे स्वतःचे वाद्य. दोन्ही बाजूंनी तोंडे असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवीत. घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. ख्रिस्ती घरांतील मांडो या गीतप्रकाराला त्याची साथ असते, आणि गणेशचतुर्थीला हिंदू घरांत शामेळ व कासाळे यांच्यासह मराठी आरत्यांना घुमटच लागते. एकाच मातीच्या भांड्याने दोन्ही उंबरठे ओलांडले आहेत.

बंधूंनी उजव्या हाताने कातड्यावर थाप मारली आणि डाव्या हाताने मागचे तोंड झाकले. नाद आत ओढल्यासारखा झाला. हात काढला तेव्हा तो खोल घुमला. पुन्हा झाकले, तो तेथेच मिटला. थाप तीच, अर्थ बदलत होता तो डाव्या हाताने. मग त्यांनी माझ्या गिटारकडे बोट दाखविले. मी इतके दिवस स्वर कोठून काढावा याचाच विचार केला होता. तो कोठे मिटवावा हे कधी मनातही आले नव्हते. तार छेडून सोडून दिली की ती दुसऱ्या स्वराच्या अंगावर वाहत राहते, आणि गाणाऱ्यांचे शब्द त्या पुरात बुडतात. वडोदऱ्याच्या मुलांना नेमके काय खटकले असेल, ते मला त्या ओटीवर उमगले.

दुसरा आणि तिसरा दिवस मी एकच गोष्ट घोटली. स्वरसंगती बदलेल तेथे एक स्वर, आणि गायकाचा श्वास संपेल तेथे तो बोटाखाली शांत करणे. आखडलेल्या अनामिकेला या कामात तक्रारीला जागाच नव्हती.

लदिनीच्या संध्याकाळी खुरसाला अबोलीच्या माळा घातल्या होत्या आणि मेणबत्त्या तेवत होत्या. शेजारच्या घरातून वायर ओढून माझा लहानसा स्पीकर लावला. बंधू माझ्या बाजूस खुर्ची टाकून बसले. स्वर बदलताना गुडघ्यावर बोट टेकवून खूण करावयाची, असे ठरले होते. दोन व्हायोलिने सुरू झाली, पन्नासएक कंठांतून प्रार्थना उठली आणि मी वाजवू लागलो.

पूर्वार्ध नीट पार पडला. मग जुनी खोड जागी झाली. गायक क्षणभर थांबले आणि माझी बोटे त्या रिकाम्या जागेत धावली. चार स्वर अधिक वाजले, पाचवा चुकला, आणि परत येण्याची जागा हुकली. पुढल्या रांगेतील एका बाईंनी मागे वळून पाहिले. माझे कान तापले. मी हात तारांवर पालथा टाकून थांबलो. बेस थांबताच एक विचित्र गोष्ट घडली. व्हायोलिने होती, गायक होते, तरी सारे गाणे जणू जमिनीपासून चार बोटे वर उचलले गेले. लोकांचे सूर एकमेकांना शोधू लागले. मी वाजवीत असताना माझे अस्तित्व कोणालाच जाणवले नव्हते, आणि थांबताच माझी उणीव सर्वांना जाणवली. बंधूंचे बोट गुडघ्यावर टेकले. मी षड्ज दिला. गाणे पुन्हा खाली उतरून आपल्या पायांवर उभे राहिले.

शेवटपर्यंत मी त्यानंतर एकही जादा स्वर वाजविला नाही.

प्रार्थनेनंतर कागदाच्या पुड्यांतून उकडलेले चणे वाटण्यात आले. माझी चूक कोणी काढली नाही. बंधूंनी एवढेच म्हटले, “थोडें वाजयात, पूण सारकें वाजयात.” थोडे वाजवा, पण नीट वाजवा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने त्रेसष्ट वर्षांच्या विद्यार्थ्याला दिलेला हा पाठ मी चण्यांसह खिशात घालून आणला.

वाचकांपैकी कोणी उतारवयात हे वाद्य घेण्याच्या विचारात असतील, तर दोन शब्द सांगतो. नेहमीच्या बेस गिटारची तार ३४ इंच लांबीची असते; ३० इंचांची आखूड गिटारही मिळते आणि आखडत्या बोटांना ती सोसते. बसून वाजवावे, थोडा थोडा वेळ वाजवावे, स्पीकरचा आवाज बेताचा ठेवावा. वेगाचा मोह तरुणांकडे सोपवावा. आपल्या वयाला शोभणारे काम या वाद्यात भरपूर आहे.

निघण्याच्या दिवशी मित्राचा नातू पेटी घेऊन मडगाव स्थानकावर आला. मला वाटले, निरोप देण्यापूर्वी एकदा दाखवायला आणली असेल. गाडी आली तेव्हा त्याने पेटी उचलून माझ्या बाकाखाली ढकलली. “अरे, ही तुझी ना?” मी म्हणालो. तो संकोचून म्हणाला, “अंकल, आजोबांनी सांगितलंय, पुढच्या मे महिन्यात घेऊन या. मी तोपर्यंत व्हायोलिन शिकतो.”

२०२४ च्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. बंधूंची खुर्ची तेथेच होती. पुढे व्हायोलिन घेऊन तो मुलगा उभा होता, आणि त्याच्या मागे, माझ्या जागी, मी.