माळ्यावरचा कॉम्प्युटर

१९९८ ते २००३ या काळात मराठी मध्यमवर्गीय घरात पहिला कॉम्प्युटर आला, तो बहुतेक वेळा सुटे भाग आणून जोडलेला असायचा. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड होता, पुणेकरांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि आम्हा सांगली-साताऱ्याकडच्यांना 'पुण्याहून करून आणून देतो' म्हणणारा कुणाचा तरी मेहुणा. वडील पतपेढीचं कर्ज काढायचे. कोटेशनचा कागद घडीच्या जागी फाटेपर्यंत घरभर फिरायचा. आमच्या कागदावर सेलेरॉन ४०० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्ड डिस्क आणि १४ इंची रंगीत मॉनिटर असं लिहिलेलं होतं. त्यातलं काय कशासाठी लागतं हे घरात एकालाही सांगता आलं नसतं, पण मुलांच्या शिक्षणासाठी ते लागतं यावर सगळ्यांचं एकमत होतं.

त्याचं कौतुक आठवून पाहा. त्या खोलीत चपला चालायच्या नाहीत. जुन्या पडद्याच्या कापडाची शिवलेली कव्हरं मॉनिटरला वेगळी, कीबोर्डला वेगळी. मे महिन्यात आत्ये-मामेभावंडं जमली की 'डेव्ह' खेळायला नंबर लागायचे, आणि ज्याचा डेव्ह मरेल त्याने उठायचं हा नियम मोडायची कुणाची हिंमत नव्हती. लाईट गेले की यूपीएस कोकलायला लागायचा आणि तिघंचौघं एकदम ओरडायचे, 'सेव्ह कर, सेव्ह कर!' इंटरनेट लावलं की फोन अडकायचा. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला देशात इंटरनेट सुरू केलं खरं, आमच्याकडे ते पोचलं ते चार-पाच वर्षांनी, तेही रात्री दहानंतर, मावशीचा फोन येऊन गेल्यावर.

पण त्या कॉम्प्युटरचा खरा वापर आमच्याकडे आईने केला. तिची शासकीय टंकलेखनाची मराठी ४० शब्दांची परीक्षा झालेली. मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाईपरायटरचा कळफलक निवडता येतो हे कळलं त्या दिवसापासून ती आमच्यापेक्षा वेगाने लिहू लागली. काकांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कुलवृत्तांताच्या वह्या तिने टाईप केल्या. मग आजीला शेजारी बसवून तिच्या पाककृती घेतल्या. आजी 'अंदाजाने' म्हणाली की ही तिच्याकडून मूठ, वाटी, चिमूट असं काहीतरी वदवून घ्यायची आणि तसंच लिहायची. अशा कितीतरी घरांत सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिकांचे मसुदे, देवस्थानची पत्रं, मंडळाच्या नाटकाच्या संहिता अशाच टाईप झाल्या. एका पिढीचं घरगुती मराठी लेखन त्या डिस्कांमध्ये आहे, आणि त्या डिस्का आज माळ्यावर आहेत किंवा भंगारात गेल्या आहेत.

ते लेखन नव्या कॉम्प्युटरवर नुसतं उचलून आणता येत नाही. तेव्हाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, विंडोज २०००मध्ये ती चालूही लागली, पण घरोघरी विंडोज ९८ होतं आणि मराठी म्हणजे श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकची आयएसएम. काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टात बसवायचं कुलूप लागे, ते काढलं की प्रोग्रॅम उघडत नसे. म्हणून आजीच्या पाककृतींसाठी माझ्या भावाने आणि मी तो जुना कॉम्प्युटरच पुन्हा उभा करायचं ठरवलं.

असा कॉम्प्युटर खाली काढला की पहिला मोह बटण दाबून बघण्याचा होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर कोरडे पडलेले असू शकतात आणि एका झटक्यात मदरबोर्डही घेऊन जातात. आधी कॅबिनेट उघडायचं. आमच्यात धुळीचा नमदा होता, पालीच्या अंड्यांची टरफलं होती आणि पंखा हाताने फिरवला तरी अडत होता. मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ केल्यावर बोर्डवरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले. ज्यांचं डोकं फुगलंय किंवा बुडाशी तपकिरी डाग आहे ते गेले समजावं. १९९९नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर बाजारात आले होते, त्यामुळे त्या काळच्या बोर्डवर हे हटकून बघावं लागतं. आमचे दोन फुगलेले निघाले. भावाने ते तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे आणून, धन-ऋण बाजू बघून डागले. पॉवर सप्लाय नवा घेतला. तिथे काटकसर करू नये. मॉनिटर मात्र उघडलासुद्धा नाही. काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही राहू शकतो, ते जाणकाराचंच काम.

हार्ड डिस्क पहिल्यांदा त्या मशिनमध्ये लावलीच नाही. आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडून तिची संपूर्ण प्रत काढली. जुनी डिस्क किती वेळ फिरेल याचा भरवसा नसतो, आणि तिचा पहिला फेरा प्रतीसाठीच खर्ची पडायला हवा. तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. या कार्डाला आयडीईची भाषा मुळातच येते, त्यामुळे साध्या अडॅप्टरवर काम भागतं. त्या काळचे अनेक बायॉस ३२ जीबीच्या पुढची डिस्क ओळखत नाहीत, म्हणून कार्ड १६ जीबीचं. त्यावर ती प्रत उतरवली. रॅमच्या पट्ट्या पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी, एका पथारीवर मिळाल्या. सोनेरी कडा खोडरबरने घासून बसवल्या आणि ३२ची २५६ एमबी झाली. विंडोज ९८ ५१२ एमबीच्या पुढे अडखळू लागतं, तेव्हा याहून हाव धरण्यात अर्थ नाही. बोर्डवरचा तीन व्होल्टचा बटण सेल बदलला, नाहीतर दरवेळी तारीख मागे जाते.

प्रोसेसर तोच ठेवला. झिजतं आणि सुकतं तेवढं बदलावं, बाकीचं तसंच असू द्यावं असं माझं मत आहे. पिवळं पडलेलं कॅबिनेट हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पुन्हा उजळतं. भाऊ तयारी करून बसला होता. पण समोरच्या पट्टीवर, फ्लॉपीच्या खाचेच्या वर, कुंकवाचं फिकट स्वस्तिक होतं. दसऱ्याला पाटीपूजन करायचो तेव्हा आजी पाट्यापुस्तकांबरोबर कॉम्प्युटरलाही कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. ते कुंकू दरवर्षी त्याच जागी लागून प्लास्टिकमध्ये मुरलं होतं. कॅबिनेट पिवळंच ठेवलं.

चालू केला तेव्हा आई शेजारी होती. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. 'अगं, तो लाल दिवा लुकलुकतोय का बघ. तो थांबल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही.' दिवा थांबला. तिने श्रीलिपी उघडलं आणि पुरणपोळीचं पान काढलं. 'पुरण कोरडं वाटलं तर कटाचं पाणी शिंपडावं, पण लगेच नाही, निवल्यावर.' हे वाक्य आजीच्या तोंडचं आहे, शब्दन् शब्द.

पुढे त्या फायली युनिकोडमध्ये आणल्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते सगळं बरोबर करत नाहीत. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होत असे आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. तिथेच चुका राहतात, आणि जोडाक्षरांतही. आईने जुन्या मशिनवर मूळ पान उघडून, लॅपटॉपवर नवं ठेवून, ओळ न् ओळ तपासली. म्हणूनच जुनं मशिन चालू असणं मोलाचं: मूळ लेखन कसं दिसत होतं हे तेच खात्रीने दाखवतं.

तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल तर एवढं करा. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या किंवा ठेवून घ्या, पण आधी डिस्क काढून तिची प्रत करून घ्या, आणि फायलींबरोबर फॉन्टचा फोल्डरही उचला. फ्लॉपी असतील तर त्या सगळ्यांच्या आधी, कारण त्या डिस्कपेक्षा लवकर जातात. आणि ज्यांनी ते टाईप केलं ती माणसं घरात आहेत तोवर करा. अक्षर कुठे चुकलंय ते त्यांनाच पटकन दिसतं.