ग्योटिंगेनचा हिवाळा

जर्मनीच्या साधारण मध्यावर, लाइने नावाच्या लहानशा नदीकाठी ग्योटिंगेन हे विद्यापीठाचे गाव वसलेले आहे. फ्रँकफर्टहून जलद आगगाडीने दोन तासांच्या आत तिथे पोचता येते. लोकवस्ती लाखाहून थोडी अधिक. पण रस्त्याने पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांत विद्यार्थीच इतके, की सारे गाव एखाद्या महाविद्यालयाचे आवार वाटावे. विद्यापीठ १७३७ सालचे. थोर गणितज्ञ गाउस इथेच शिकला, इथेच राहिला आणि याच गावातल्या एका शांत बागेत त्याची कबर आहे. जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर बदके सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. हे कारंजे १९०१ सालचे आहे. डॉक्टरेट मिळवणारा विद्यार्थी कारंज्यावर चढून तिला फुले देतो आणि तिच्या गालाचे चुंबन घेतो, अशी गावाची रीत आहे.

पुणेकरांना या गावाशी नाते सांगण्याचे एक जुने कारणही आहे. डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढे इथेच प्राध्यापक झाले आणि १९०८ साली, मृत्यूपर्यंत, इथेच राहिले. मुळा-मुठेच्या संगमाजवळ पंधरा वर्षे काढलेला तो माणूस ग्योटिंगेनचा पहिला हिवाळा पाहून काय म्हणाला असेल, असे मला तिथे असताना पुष्कळदा वाटले.

माझी नात इथे पदव्युत्तर शिक्षण घेते. तिच्या दुसऱ्या हिवाळ्यात, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नाताळच्या आधीपर्यंत, मी तिच्याजवळ होते. शिकायला गेलेले मूल परदेशात कसे राहते याची चिंता बहुतेक घरांत असते. ते राहणे प्रत्यक्ष कसे असते हे मात्र फार थोड्या वडीलधाऱ्यांना पाहायला मिळते. म्हणून जे पाहिले ते लिहीत आहे.

विद्यार्थी वसतिगृहातली तिची खोली म्हणजे आपल्याकडच्या देवघरासकट स्वयंपाकघराएवढी. एक पलंग, एक मेज, एक खिडकी आणि खिडकीखाली गरम पाण्याचा उष्णक. स्वयंपाकघर सहा जणांत सामाईक, आणि शीतकपाटात प्रत्येकाचा एकेक कप्पा. पहिला धडा रविवारचा. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाजी, पाव आणले नाहीत तर सोमवारपर्यंत ज्याचे त्याने पाहावे. पहिल्या महिन्यात नातीला हे जाचक वाटले. आता शनिवारचा बाजार हा तिच्या आठवड्याचा कणा झाला आहे. त्याच दिवशी ती यादी करते, बुधवारी आणि रविवारी मिळून दोनदा स्वयंपाक करते, आणि उरलेले डब्यांत भरून ठेवते. दुपारचे जेवण बहुधा विद्यापीठाच्या भोजनगृहात, सवलतीच्या दरात.

इथे मिळत नाही त्याची हळहळ करण्यापेक्षा मिळते त्यातून आपले जेवण कसे उभे करावे, हे या मुलांनी छान साधले आहे. मसूर डाळ साध्या दुकानातही मिळते. क्वार्क नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा पदार्थ सर्वत्र असतो. साखर, वेलची घालून घोटला की श्रीखंड तयार. राय धान्याचा काळा, जड पाव भाकरीची आठवण देतो आणि पोटात बराच वेळ टिकतो. इडलीचे पीठ उष्णकाजवळ ठेवले तर डिसेंबरातही फुगते. घरून पाठवताना मात्र एक नियम ध्यानात ठेवावा : युरोपीय संघाबाहेरून दूध व दुधाचे पदार्थ, तसेच मांस, सामानातून किंवा टपालाने नेता येत नाही. म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच राहिले. मेतकूट, गोडा मसाला आणि डाळीची कोरडी चटणी यांवर नातीचा हिवाळा निघतो. औषधांचेही तसेच. प्रवाशाला स्वतःच्या गरजेपुरती औषधे बरोबर नेता येतात. टपालाने औषधे मागवणे तिथे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. म्हणून ‘खोकल्याचे औषध पाठवते’ असे म्हणण्याऐवजी ‘तिथल्या औषधाच्या दुकानात जाऊन ये’ असे म्हणावे.

मला सर्वांत नवलाची वाटली ती खिडकी. बाहेर शून्याजवळ तापमान असताना नात सकाळ-संध्याकाळ खिडकी सताड उघडी टाकते, पाच-दहा मिनिटे थांबते आणि पुन्हा घट्ट लावते. घराच्या भाडेकरारातसुद्धा तिथे याविषयी सूचना असतात. कारण साधे आहे. श्वास, स्वयंपाक आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ बंद खोलीत साठते, थंड भिंतीवर तिचे पाणी होते, आणि त्यावर बुरशी धरते. बुरशीच्या खोलीत राहणाऱ्याचा खोकला हटत नाही. दम्याच्या रोग्याला तर ती घातकच. थंडी म्हणजे खिडक्या लावून घेणे, ही आपली समजूत. तिथे आरोग्य राखायचे तर थंडी थोडा वेळ आत घ्यावी लागते.

पण या गावाचा खरा हिवाळा थंडीचा नाही, अंधाराचा आहे. ग्योटिंगेन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून हातभर वर, आणि बहुतेक दिवस ढगांआड. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून शरीराला पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर त्यासाठी अधिक ऊन लागते. भर उन्हाच्या देशातून गेलेल्या मुलांना हे कोणी आधी सांगत नाही.

नातीचा पहिला हिवाळा या अंधारात गेला होता. तिने तो मला स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता सांगितला. नोव्हेंबरात आधी थकवा आला, मग झोप वाढली. दहाचे व्याख्यान चुकू लागले. भांडी घासायला लागू नयेत म्हणून ती बिस्किटांवर राहू लागली. घरी बोलताना कॅमेरा बंद ठेवी आणि ‘नेट नीट नाही’ म्हणे. शेजारच्या खोलीतल्या मुलीने तीन दिवस तिला स्वयंपाकघरात पाहिले नाही, तेव्हा दार वाजवले आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. विद्यार्थ्याला प्रवेशाबरोबरच आरोग्यविमा सक्तीचा असल्याने पैशाचा प्रश्न आला नाही. रक्त तपासले, ड आणि ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे फार कमी निघाली. शाकाहारी मुलांत ब-१२ ची उणीव सहज राहून जाते. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्या, आणि विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या समुपदेशन केंद्राचा पत्ताही दिला. तिथे ती काही आठवडे गेली. ‘गोळ्यांनी शरीर उठलं आजी, पण बोलण्यानं मी उठले,’ असे ती म्हणाली.

तिने स्वतःला लावून घेतलेले नियम मी दोन महिने जवळून पाहिले. रोज दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ऊन असो वा नसो, अर्धा तास बाहेर. जुन्या गावाभोवती पूर्वीच्या तटाचा मातीचा बांध आहे, त्यावर लिंडेनच्या झाडांखालून पायवाट जाते. तासाभरात गावाची प्रदक्षिणा होते. मीही काठी घेऊन तिच्याबरोबर निम्मी वाट चालत असे. ढगाळ दुपारचा उजेडही खोलीतल्या दिव्याहून कितीतरी पटींनी अधिक असतो, आणि झोपेचे घड्याळ त्यावरच लागते. दुसरा नियम, उठण्याची वेळ सुट्टीतही बदलायची नाही. तिसरा, आठवड्यातून एक जेवण तरी कोणाबरोबर. या तिसऱ्या नियमामुळे बुधवारी त्या स्वयंपाकघरात इराणी, जर्मन आणि मराठी वासांची गर्दी होई.

अशाच एका बुधवारी सांगलीकडचा एक मुलगा जेवायला आला. आमटी-भात मन लावून जेवला, आणि माझा फोन वाजला तसा एकदम गप्प झाला. नंतर म्हणाला, ‘आजी, तुमच्या घरून फोन आला तरी मला धस्स होतं.’ गेल्या वर्षी त्याचे आजोबा गेले. परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी त्याला आठ दिवसांनी सांगितले. त्या आठ दिवसांत तो रोज घरी बोलला होता आणि रोज ‘आजोबा झोपलेत’ हे उत्तर त्याने खरे मानले होते. ‘परीक्षा पास झालो,’ तो म्हणाला, ‘पण आता सगळं ठीक आहे असं कोणी सांगितलं की मला ते खरं वाटत नाही.’

त्याच्या घरच्यांचा हेतू प्रेमाचाच होता, यात शंका नाही. आपल्याकडे दूर असलेल्याला वाईट बातमी उशिरा सांगणे ही माया मानली जाते. पण ज्या मुलाचा घराशी सारा संबंध शब्दांवरच उरला आहे, त्याच्यासाठी त्या शब्दांचा भरवसा हेच घर असते. तो भरवसा गेला की मूलही आपले खरे सांगेनासे होते.

परदेशी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या प्रकृतीची काळजी आपल्या समाजाला नवी नाही. १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि परका आहार यांनी प्रकृती खालावली, आणि मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही पुरी होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागत. आज आपण क्षणात बोलू शकतो. मग त्या बोलण्यात काय असावे, याचा विचार करायला हवा.

नातीने आणि मी तिथे बसूनच काही गोष्टी ठरवल्या. हिवाळ्यात तिचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणून रविवारी आपल्या रात्री साडेआठला, तिच्या दुपारी चारला, निवांत फोन. ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते; त्याऐवजी ‘काय शिजवलंस, कोणाबरोबर जेवलीस, दुपारी कुठवर चाललीस?’ असे विचारायचे. आधी मी माझे सांगायचे : आठवड्यातले रक्तदाबाचे आकडे, गुडघा, झोप, सगळे खरे. आणि घरात कोणी आजारी पडले तर त्याच दिवशी कळवायचे, दोन्ही बाजूंनी.

काळजीवाहूंनी जवळ लिहून ठेवावे असे थोडेसे : मुलाच्या एका शेजाऱ्याचा फोन, वसतिगृहाचा पत्ता, विम्याचा क्रमांक. जर्मनीत तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ११२, आणि दवाखाने बंद असताना, जिवावर बेतलेले नाही अशा आजारासाठी ११६११७. फोन आखूड होत जाणे, चेहरा न दाखवणे, वेळीअवेळी झोप, जेवणाचा विषय टाळणे, ही चिन्हे दोन आठवडे टिकली तर ‘डॉक्टरांना भेट’ असे स्पष्ट सांगावे. जगणे नकोसे झाल्याचा शब्द निघाला तर वाट पाहू नये. त्याच क्षणी शेजाऱ्याला दार वाजवायला सांगावे. आणि मूल दूर गेल्याने आपलेच मन खचले असेल, तर भारतात टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

कोणाला नातवंडाकडे जायचे असेल तर किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा शेंगेन व्हिसासाठी लागतोच. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्याव्यात आणि औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. बर्फावर घसरणार नाहीत असे तळवे असलेले बूट मात्र तिथेच घ्यावेत. ते पायात घालून, नातवाचा हात धरून दुपारचा उजेड गाठावा.